दाबल्या डोळ्यांतला उजेड

आत्याच्या घरात देव नव्हते, पण मामा होते. हे आत्याचंच वाक्य. भाकरी थापता थापता ती ते म्हणायची, आणि तेवढ्यात मामा दारात आले की पुढची भाकरी जरा जास्तच जोरात थापली जायची. मामा म्हणजे तिचे यजमान. अंबरनाथला फॅक्टरीत कामाला. भोंगा व्हायच्या आत चहा संपवणारे, शर्टाच्या खिशाला पेन लावणारे, आणि रविवारी वस्तीतल्या विहारात लोकांना समजावून सांगणारे. कुणी थोरामोठ्यानं सांगितलं म्हणून मानू नका, वाडवडिलांपासून चालत आलंय म्हणून मानू नका, स्वतः तपासा, पटलं तर घ्या, असं ते इतकं छान सांगायचे की शेवटच्या रांगेतली म्हातारी माणसंही माना डोलवायची. घरी आलं की आत्या विचारायची, "वांग्याऐवजी भेंडी करू का आज?" मामा चप्पल काढता काढता म्हणायचे, "मी सांगितलं ना वांगं." विषय संपायचा. वांगं व्हायचं.

मी नांदेडकडची. आठवीत असताना वडील गेले आणि शाळा सुटली ती सुटलीच. वडिलांच्या पुण्यानुमोदनाला आत्या आली होती, ती जाताना मला घेऊन निघाली. आई फाट्यापर्यंत सोडायला आली. "आत्याला उलटं बोलू नको," एवढंच तिनं सांगितलं. आत्याला मी कधी उलटं बोलले नाही, त्याची गरजच पडली नाही. दीड खोलीच्या त्या घरात तिनं मला पोटमाळा दिला, स्वतःची जाड वाकळ दिली, आणि लोकांनी "ही कोण?" विचारलं की "माझी पोरगी" म्हणून सांगितलं. भिंतीवर दोन तसबिरी होत्या, एक मिटल्या डोळ्यांची आणि एक चष्म्याची. आजोबांच्या काळात आमच्या लोकांनी देव नदीत सोडले, त्यानंतर घरोघरी याच दोन आल्या. मी चष्म्याच्या तसबिरीला घाबरायचे, कारण शाळा सोडलेल्या मुलीकडे ते कसं बघत असतील असं मला वाटायचं. मिटल्या डोळ्यांची भीती नव्हती. ते बघतच नव्हते.

त्या घरात येऊन मला एक दुखणं लागलं, किंवा आधीचंच तिथं कळलं. छातीत धडधड व्हायची. नळाला पाणी यायच्या आधी व्हायची, मामांची चप्पल वाजली की व्हायची, कारण नसतानाही व्हायची. आत्या पाठीवर हात फिरवायची आणि म्हणायची, "काय पळतंय गं तुझ्या आत? कोण मागं लागलंय?" डॉक्टरनं तपासून काही नाही म्हणून सांगितलं. काही नाही म्हटल्यावर तर ते जास्तच वाढलं. काही असतं तर गोळी तरी मिळाली असती.

कामाला मी उल्हासनगरला जायचे, कॅम्प एकमध्ये, जीन्सच्या गाळ्यात. शिवून आलेल्या पँटींचे लोंबते धागे कातरायचे. दिवसभर मांडीवर जीन्सचा ढीग आणि हातात छोटी कातर. नव्या कापडाचा निळा रंग बोटांना असा लागायचा की लिंबू घासूनही जायचा नाही. मामांना त्याचं कौतुक होतं. "निळाच आहे ना, राहू दे," ते म्हणायचे. घरात त्यांनी केलेला विनोद मला आठवतो तो एवढाच. माझ्या शेजारी काशी बसायची. ती वांगणीच्या पलीकडच्या पाड्यावरून यायची, आणि गाळ्यातल्या दहा मशिनींच्या आवाजावरून तिचं हसणं ऐकू यायचं. गाळा सेठचा, पण चालवायच्या भाभी, म्हणजे सेठची बायको. भाभी कडक होत्या, पण दुपारी स्वतःच्या डब्यातली कढी सगळ्या मुलींना वाढायच्या. त्या सिंधी कढीत भेंडी आणि शेंगा असायच्या, आणि मला ती आईच्या आमटीसारखी लागायची. आंबट होती म्हणून असेल, किंवा कुणीतरी वाढत होतं म्हणून.

रविवारी भाभींचा सत्संग असायचा. कापडाच्या दुकानावरचा मोठा हॉल, जाड सतरंजी, एक पेटी, एक ढोलक, आणि पांढऱ्या ओढण्या घेतलेल्या बायका. मागच्या बाजूला लंगर शिजायचा, त्याच्या सेवेला भाभी गाळ्यातल्या मुलींना बोलवायच्या. मी मामांना विचारलं तेव्हा त्यांनी बराच विचार करून परवानगी दिली. "हात कामाला लाव. जोडू नको." मी तसंच करायचे. पुऱ्या लाटायचे, कांदे चिरायचे. पण कान कुठं ठेवणार? समोर भजन चालू असायचं, मग सगळे एकदम गप्प व्हायचे. ती शंभर माणसांची एकत्र शांतता मी जन्मात पहिल्यांदा ऐकली. आमच्या वस्तीत शांतता म्हणजे भांडण सुरू व्हायच्या आधीचा वेळ. मग पानावर ताहिरी यायची, म्हणजे पिवळा गोड भात, वर बडीशेप. ती खाताना मला वाटायचं की ही माणसं झोपत असतील रात्रीची.

एका रविवारी भाभी माझ्याजवळ बसल्या. "बेटा, तू इतना डरती क्यों है? सेठ आवाज दे तो कैंची गिर जाती है तेरे हाथ से."

मी पोळपाटावरची पुरी फिरवत राहिले.

"नाम ले ले. गुरुजी आनेवाले हैं अगले महीने. अंदर उजाला दिखता है, फिर डर-वर सब खतम." मग जरा थांबून, हिशोबी पण प्रेमळ आवाजात, "और देख, नया ओव्हरलॉक आ रहा है. मशीन पे मैं अपनी नामवाली लड़कियों को ही बिठाती हूँ. भरोसे की बात है."

मशीन म्हणजे काय हे धागे कातरणाऱ्या मुलीलाच कळेल. धागेवाल्या मुली मंदीत पहिल्या घरी बसतात. माझं काम सुटलं असतं तर मामांनी मला गावी पाठवलं असतं, आणि गावी चुलत्यानं एक स्थळ बघून ठेवलं होतं, दोन पोरांचा बाप. दुसरीकडे, मी नाम घेतलं असं मामांना कळलं असतं तरी गावीच. म्हणजे दोन्ही वाटा त्याच फाट्यावर जात होत्या. पण खरं सांगायचं तर मला त्या वेळी मशिनीपेक्षाही भाभींचं दुसरं बोलणं लागलं होतं. डर-वर सब खतम. असं होत असेल? आत उजेड दिसत असेल आणि मग छातीतलं ते पळणं थांबत असेल?

मी कधी नव्हे ते धाडस केलं. मामा जेवायला बसले होते, आत्या वाढत होती. मी म्हटलं, "मामा, भाभी नाम घ्यायला बोलवतात. मी जाऊन बघू का?"

मामांचा घास हातातच राहिला. "काय बघायचंय?"

"तुम्हीच सांगता ना विहारात. स्वतः तपासा म्हणून."

आत्याला ठसका लागला. ती पाणी प्यायला म्हणून मोरीकडे वळली, तिचे खांदे हलत होते. मामा माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांच्या चेहऱ्यावर एकदम तेज आलं. "बरोबर आहे. जा. तपास. पण आल्यावर विहारात सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं, काय थोतांड आहे ते. आपल्यातलेही दोन-चार जण जायला लागलेत तिकडं. त्यांना ऐकू दे."

"आणि थोतांड नसलं तर?" मोरीकडून आत्या.

"आहेच," मामा म्हणाले आणि भाकरी मोडली.

नाम घ्यायच्या दिवशी मी पहाटेच अंघोळ केली, आदल्या दिवशी कांदा-लसूण खाल्ला नव्हता. पडद्यामागे आम्हाला एकेकटीला बसवलं. एका सेवादारानं कानात शब्द सांगितला. तो मी इथं लिहिणार नाही. आता त्याचं काही वाटत नाही, पण सांगणार नाही म्हणून वचन दिलं होतं, आणि ज्यांनी मला जेवू घातलं त्यांना दिलेलं वचन मला मोडवत नाही. मग दुसरा सेवादार माझ्या मागे बसला. त्यानं अंगठ्यांनी माझे कान बंद केले आणि बोटांनी मिटलेले डोळे दाबले. हळू, मग जोरात. आधी सगळं लाल झालं. मग पिवळं, ताहिरीसारखं. मग त्यात चक्रं फिरायला लागली, ठिपके उडायला लागले, मध्ये एक पांढरा गोळा फुटला. माझ्या अंगावर काटा आला.

"दिखा?" कानाजवळ आवाज.

"दिखा."

बोटं निघाली. मला लगेच डोळे उघडायचे होते, पण उघडले नाहीत. उजेड विझत गेला. राहिला नुसता अंधार, कोमट, कुणाचाच नसलेला. आणि त्या अंधारात माझ्या लक्षात आलं की छातीत काही पळत नाही. मी वाट बघितली. आत्ता सुरू होईल म्हटलं. नाही झालं. श्वास आत गेला, बाहेर आला. एवढंच होतं. किती वेळ ते माहीत नाही, फार नसेल, कारण लगेच खांद्यावर टकटक झाली. "उठो बेटा, पीछे लाइन है."

बाहेर बायका रडत होत्या, एकमेकींना मिठ्या मारत होत्या. "दिखा ना? दिखा ना?" भाभींनी मला छातीशी धरलं आणि स्वतःच्या हातानं ताहिरी भरवली. आठवड्याच्या आत मी ओव्हरलॉकवर बसले. आईला गावच्या दुकानातल्या फोनवर बोलावून सांगितलं, तर ती म्हणाली, "जप बोटं." सुईची काळजी तिला तिकडूनच.

मग एका दुपारी लोडशेडिंग झालं. मशिनी बंद, पंखे बंद, सेठ बाहेर. मी दमून टेबलावर कोपरं टेकली आणि तळव्यांत डोळे गच्च दाबून बसले, कामावरची माणसं बसतात तशी. लाल. पिवळं. चक्रं. पांढरा गोळा.

मी ताडकन हात काढले. "काशी, डोळे दाब गं."

"कुनाचे?"

"तुझे! मिटून जोरात दाब."

काशीनं दाबले. मग किंचाळली, "अगं, मलाबी दिसतंय! मी तर नाम-बिम काय घेतलं नाय!" आणि मग तिचं ते हसणं. "आमच्या पाड्यावं काजवं येतात, तवा येवढा उजेड डोळं उघडं ठिवून दिसतो. त्याला कोन लायनीत उभं ऱ्हात नाय."

मीही हसले, पोट दुखेपर्यंत. हसू संपलं तेव्हा मात्र मला रडायला यायला लागलं. उजेड माझ्याच डोळ्यांतला होता, मग तो अंधार कुणाचा होता? तोही खोटा? मी पुन्हा डोळे मिटले, या वेळी दाबले नाहीत. गाळ्यात उकडत होतं, बाहेर कुणीतरी टेम्पो मागे घेत होतं, काशी काजव्यांचं काही सांगत होती. छाती पळत होती. मी तिला पळू दिलं. नुसती बघत राहिले, म्हैस रवंथ करते तेव्हा बघतो तसं. आणि थोड्या वेळानं ती हळू झाली. त्या दिवसाइतकी नाही, पण झाली. ना हॉल, ना शब्द, ना कुणाची बोटं.

रविवारी विहारात मामांनी मला उभं केलं. पांढरी साडी आत्याची होती, पायात येत होती. "ही माझी भाची," मामा म्हणाले, "स्वतः जाऊन तपासून आली आहे. ऐका." मी घडलं ते सांगितलं. मग म्हटलं, तुम्ही पण डोळे दाबून बघा. अख्ख्या विहारानं डोळे दाबले, लहान मुलांपासून सगळ्यांनी. शेवटच्या रांगेतून एक म्हातारी ओरडली, "अगं बया, दिसतंय की! आता मोतीबिंदूचं ऑपरेशन कशाला करू?" हसण्याची लाट आली. मामांचा चेहरा असा फुलला होता की मला वाटलं, बसावं आता खाली. किती सोपं होतं ते. मी बसले असते तर मामांच्या घरात माझी जागा जन्मभर पक्की होती.

"म्हणजे काय सिद्ध झालं? सांग," मामा म्हणाले.

"उजेड आपल्याच डोळ्यांतला असतो."

"आणि बाकी सगळं थोतांड. बोल."

समोर त्या दोन तसबिरी होत्या, मोठ्या, हार घातलेल्या. मी म्हटलं, "ते मला नाही म्हणता येणार, मामा."

हसणं थांबलं.

"त्यांनी बोटं काढली त्यानंतर अंधार होता. त्यात माझी धडधड थांबली होती. ती खोटी नव्हती."

"म्हणजे गुरूनं थांबवली?"

"नाही. परवा गाळ्यात पण हळू झाली. तिथं गुरू नव्हता."

"मग कुणी थांबवली?"

"कुणीच नाही. मी बघत बसले तेवढंच."

मामांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "बस खाली," ते म्हणाले. मागून एक माणूस पुटपुटला, "गेली पोरगी तिकडं." मी बसले तेव्हा माझी छाती इतकी पळत होती की शेजारच्या बाईला ऐकू गेलं असेल. हे सांगायला हवं, कारण अशा गोष्टी लिहिताना माणूस स्वतःला फार शूर करून टाकतो. मी शूर नव्हते. मला फक्त एवढंच कळत होतं की, ती एक गोष्ट माझी होती, आणि माझ्याकडे माझं असं दुसरं काही नव्हतं.

आमच्या वस्तीतला एक कारागीर भाभींच्या गाळ्यात होता. दुसऱ्या दिवशी सकाळीच भाभींना सगळं कळलेलं. त्या ओरडल्या नाहीत, त्याचंच मला जास्त लागलं. "तूने मेरे गुरु का तमाशा बना दिया. सबसे आँखें दबवाईं?"

"भाभी, वो शांती सच्ची थी. मैंने वहाँ भी वही बोला."

"तो बोल ना, गुरु ने दी."

मला बोलता आलं नाही. भाभींनी ओव्हरलॉकवरून माझी पाण्याची बाटली उचलली आणि धाग्याच्या ढिगाजवळ नेऊन ठेवली. मला काढलं नाही. दुपारी कढीही वाढली, फक्त माझ्याकडे न बघता. त्या कढीचे उपकार माझ्यावर अजून आहेत.

घरी मामांनी माझ्याशी बोलणं सोडलं होतं. जेवताना भिंतीला सांगितल्यासारखं म्हणाले, "पुढच्या आठवड्यात तिच्या चुलत्याला बोलावून घे."

आत्यानं तव्यावरची भाकरी उलटली. शांतपणे उलटली, थापटली नाही. "तुम्ही तपासायला पाठवलं. तिनं तपासलं. उत्तर तुमच्या मनाजोगतं आलं नाही म्हणून पोरीला धाडता?"

"तुला यातलं कळत नाही."

"नसंल. पोरगी इथंच ऱ्हाईल."

"का म्हणून?"

"मी सांगते म्हणून," आत्या म्हणाली.

मामांनी तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, भिंतीवर बघितलं. मग ताटातलं वांगं खायला लागले. मी पोटमाळ्यावर गेले आणि वाकळीत तोंड खुपसून हसले की रडले, आता आठवत नाही.

मी राहिले. पुढे मंदी आली, गेली, मला दुसऱ्या गाळ्यात मशीन मिळाली, लग्न झालं, बदलापूरला आले. नळाला पाणी यायच्या आधी थोडा वेळ उलट्या बादलीवर बसायची सवय तेव्हा लागली, ती राहिली. त्यातून मला काही मोठं मिळालं असं कुणी समजू नये. लोक विचारतात तेव्हा मला संकोच वाटतो. धडधड अजून येते. कधी आठवडा-आठवडा मुक्कामाला असते. म्हातारी झाले नाही अजून, पण मशीनवरच्या बायकांचं वय पाठीवरून मोजावं, आणि माझी पाठ फार थकली आहे. फक्त एवढं झालं की, पळतंय म्हणून मी त्याच्याबरोबर पळत नाही. आणि दुसऱ्या कुणाला काय दिसलं, खरं की खोटं, हे ठरवायची घाई गेली.

विहारातल्या त्या दिवसावर मामा माझ्याशी कधी बोलले नाहीत. बाकी सगळं बोलायचे, वर्षं गेली तसं प्रेमानंही बोलायचे, पण तो विषय नाही. आत्या गेली. तिच्या पुण्यानुमोदनाला वांग्याची भाजी होती, ती बघून मामा जेवणावरून उठून गेले. मग मी त्यांना माझ्याकडे आणलं. मागच्या हिवाळ्यात त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. हिरवा चष्मा लावून, काही वाचता येत नाही म्हणून चिडून, ते दिवसभर गॅलरीत बसायचे. एका सकाळी मी कपडे वाळत घालत होते, तर म्हणाले, "ते तुझं... बसायचं असतं ना. बादलीवर."

"हं."

"कसं करतात?"

हातातला टॉवेल मी पिळत राहिले. किती वर्षं झाली होती. "मला सांगता येत नाही, मामा. मी बसते, तुम्ही पण बसा. फक्त डोळे दाबू नका, डॉक्टरनं सांगितलंय."

ते हसले. हिरव्या चष्म्याखाली त्यांनी डोळे मिटले. मी शेजारी बसले. खाली दूधवाल्याची गाडी, वरच्या मजल्यावर कुणाचा तरी मिक्सर, शेजारी कबुतरं. त्यांचा श्वास आधी घाईचा होता, मग लांब झाला. एकदा त्यांचा हात आपसूक छातीवर गेला आणि तिथंच राहिला. कुकरची शिट्टी झाली तेव्हा मी डोळे उघडले. त्यांनी जरा उशिरानं उघडले. मग ते माझ्याकडे तोंड करून बसले, मी काहीतरी विचारेन म्हणून वाट बघत.

"दिखा?" हा प्रश्न मला एकदा विचारला गेला होता. मी तो विचारला नाही. उठताना म्हटलं, "मामा, भाजी कशाची करू?"

त्यांनी हिरवा चष्मा नाकावर नीट बसवला. मग म्हणाले, "कर. तुला पटेल ती."